पावसाळ्यानंतर पंप सुरू का होत नाही?

(सेवाकार्याला साहाय्य करणाऱ्या सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'पाड्यांवरील शेतीसाहाय्य'. विषय फार मोठा आहे. त्यातली मी एकच वस्तू निवडली आहे आणि ती मुठीत मावते. पुढच्या बाकावरच्या बंधूंनी ही स्टीलची थाळी कृपा करून हातोहात मागे पाठवावी. तिच्यात एका छोट्या इंजिनाचा कार्बोरेटर सुटा करून ठेवला आहे. सगळे भाग धुऊन वाळवले आहेत, त्यामुळे कपड्यांना पेट्रोलचा वास लागणार नाही. फक्त पितळेचे दोन बारीक तुकडे सांभाळा. ते बाकांखाली पडले तर सापडायचे नाहीत, आणि आजचं माझं बोलणं बरंचसं त्या दोन तुकड्यांबद्दलच आहे.

आपल्या देणग्यांतून पाड्यांवर जे पाण्याचे पंप जातात, ते आपल्यापैकी अनेकांनी फोटोत पाहिले असतील. लाल-पांढरं छोटं इंजिन, खाली लोखंडी चौकट, दोन इंची पाईप. वजन वीस-पंचवीस किलो. दोन माणसं दांडीला बांधून डोंगर उतरवतात आणि ओहोळाच्या डोहावर ठेवतात. डोह आटला की पंप पुढच्या डोहावर जातो. मला बरेच जण विचारतात, "सौर पंप का देत नाही?" सौर पंप चांगलेच आहेत, सरकारी योजनांतून काही ठिकाणी येतही आहेत. पण ते एका जागी रोवलेले असतात. पाणी जागा बदलतं आणि चार-पाच घरं मिळून एकच यंत्र वापरतात, तिथे खांद्यावर नेता येणारा पंप अजून लागतो.

आता सुरगाणा-पेठ भागातलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जून ते सप्टेंबर पाऊस धो धो. भात, नागली, वरई पावसावरच होते. पंपाचं कामच नसतं, म्हणून तो कुडाच्या घरात माळ्यावर नाहीतर कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून राहतो. दिवाळी झाली की ओहोळ बारीक होतो. ज्याच्याकडे पाणी चढवायची सोय आहे तो हरभरा, मिरची, वांगी लावतो. घाटमाथ्यावर काही जण स्ट्रॉबेरीही करतात. ज्याच्याकडे सोय नाही, तो कुटुंब घेऊन दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातो. लहान मुलं बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते.

म्हणजे पंप सुरू होतो की नाही, याचा निकाल दिवाळीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत लागतो. आणि नेमका तेव्हाच तो सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. मग घरातलं मोठं माणूस सांगतं, "इंजिन बसलं." जीपच्या टपावर टाकून ते तालुक्याला जातं. हंगाम असल्यामुळे मेकॅनिककडे रांग असते. आज या, उद्या या करता करता महिना जातो, रोपं वाळतात. काही इंजिनं तिथूनच भंगारात जातात.

मला आपल्याला एवढंच सांगायचं आहे की, अशा इंजिनांत बहुतेक वेळा लोखंडाला काहीच झालेलं नसतं. मोहरीच्या दाण्याहून बारीक असं एक भोक बुजलेलं असतं. ते तासाभरात, पाड्यावरच, पाड्यावरच्या माणसाला मोकळं करता येतं. कसं ते आज नीट सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे जनरेटर, फवारणीचं यंत्र किंवा जुनी स्कूटर आहे, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

कार्बोरेटर करतो काय?

पेट्रोल नुसतं जळत नाही, हवेत मिसळून जळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. हे माप राखणं आणि पेट्रोलचा बारीक तुषार करणं, ही दोन कामं कार्बोरेटरची.

थाळीतल्या मोठ्या तुकड्यातून आरपार बघा. नळी दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद आहे. नदी घळईत शिरली की तिचा वेग वाढतो, तसा या अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. दाब कमी झाला की खालच्या वाटीतलं पेट्रोल वर खेचलं जातं आणि हवेत उडतं. ढेकणांवर मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवा. त्यातही हेच घडत असे. अशा अरुंद होत जाणाऱ्या नळीला व्हेंच्युरी म्हणतात. १७९७ मध्ये इटलीच्या ज्योव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी यांनी यावर आपलं संशोधन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. आपल्याला ऐकून आनंद वाटेल, हे गृहस्थ धर्मगुरूची दीक्षा घेतलेले होते. मी ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला तेव्हा त्यांचं नाव अभ्यासक्रमात नव्हतं. ते मला पान्यामुळे कळलं.

खालच्या वाटीत एक पोकळ तरंगता तुकडा आहे, त्याला फ्लोट म्हणतात. घराच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, तसंच याचं काम. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि एका टोकदार सुईने येणारी वाट बंद करतो. पेट्रोल कमी झालं की वाट उघडतो.

आणि आता ते पितळेचे दोन तुकडे. त्यांना जेट म्हणतात. पेट्रोल त्यांच्या भोकातून मोजून जातं. मोठ्याला मेन जेट म्हणतात. इंजिनावर भार असताना तो काम करतो. अशा पंपांत त्याचं भोक साधारण पाऊण मिलीमीटर. छोटा पायलट जेट, इंजिन नुसतं हळू चालू असताना काम करणारा. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी. सगळी शेती त्या भोकातून जाते म्हटलं तरी चालेल.

भोक बुजतं कसं?

पाच महिने उघड्या वाटीत ठेवलेल्या पेट्रोलचं काय होईल? त्यातला हलका भाग उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन त्याचा पिवळसर चिकट डिंक बनतो, आणि पुढे तो वार्निशसारखा कडक होतो. वास बदलतो, ताज्या पेट्रोलचा झणका जाऊन जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबट वास येतो. कार्बोरेटरच्या वाटीत मावणारं पेट्रोल थोडंसंच असतं, तेवढं वाळायला एक पावसाळा पुरतो.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाला आणि धान्याला त्यामुळे बाजार मिळतो, ती गोष्ट वेगळी. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज धुकं आणि पाऊस असलेल्या घाटातल्या घरात चार महिने ठेवलेल्या टाकीत पाणी उतरतं. पाणी जड, म्हणून ते तळाला जातं, आणि कार्बोरेटरची वाटी ही तर सगळ्यांत खालची जागा. तिथे पांढरट-हिरवट बुरा धरतो आणि जुन्या इंजिनांतलं रबर फुगतं.

त्यात रॉकेलवर चालणारी इंजिनंही आहेत. ती पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायची असतात. बंद करण्यापूर्वी काही मिनिटं परत पेट्रोलवर आणावी लागतात, नाहीतर वाटीत रॉकेल राहतं, आणि थंड इंजिन रॉकेलवर सुरू होत नाही. अशा वेळी वाटीतलं रॉकेल तळाच्या स्क्रूतून काढून टाकलं आणि पेट्रोल येऊ दिलं की काम होतं. काही उघडायची गरज पडत नाही.

आधी तपासा, मग उघडा

पाड्यावरच्या प्रशिक्षणात मुलांना पाना हातात द्यायच्या आधी आम्ही हाच क्रम पाठ करायला लावतो. टाकीत पेट्रोल आहे का, ताजं आहे का, कॉक उघडा आहे का. टाकीच्या झाकणाला हवेसाठी छोटं भोक असतं. तिथे कुंभारमाशी मातीचं घर करते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण सैल करून इंजिन चाललं तर रोग सापडला. एअर फिल्टरचा स्पंज काढून पाहा; उंदराने त्यात घर केलेलं असू शकतं. इंजिनातलं तेल पाहा, कारण बऱ्याच इंजिनांत तेल कमी झालं की ठिणगीच बंद करणारी सोय असते.

मग ठिणगी. कॉक बंद करून प्लग काढा, टोपीत बसवून त्याचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली पाहिजे. प्लग काळा असेल तर पुसा. फट साधारण ०.७ ते ०.८ मिलीमीटर ठेवा. ठिणगी पाहून झाल्यावरच पुढची परीक्षा: चहाचा अर्धा चमचा ताजं पेट्रोल प्लगच्या भोकात टाका, प्लग घट्ट बसवा, सांडलेलं पुसा आणि दोरी ओढा. इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं, तर ठिणगीही आहे आणि दमही आहे. पेट्रोल पोचत नाही एवढंच. आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही.

आणखी काही खुणा आहेत. चोक लावला तरच चालतं आणि चोक काढला की मरतं, म्हणजे मेन जेट अर्धा बुजला आहे. आवाज वर-खाली, वर-खाली होत राहतो, तिथेही बहुधा जेटच. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतं, म्हणजे सुई किंवा फ्लोट. काळा धूर येतो, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी.

तासाभराचं काम

काम उघड्यावर करायचं, सावलीत. चूल, बिडी, देवळातला दिवा, सगळ्यांपासून लांब. प्लगची टोपी काढून बाजूला. पेट्रोल काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्यायचं, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही नाही. हे मी प्रत्येक पाड्यावर दोनदा सांगतो, कारण बाटलीतलं रॉकेल पाणी समजून लहान मूल पितं. तसं झालं तर उलटी करवायची नाही, मुलाला तडक दवाखान्यात न्यायचं.

जमिनीवर पांढरं कापड अंथरायचं आणि त्यावर थाळी. उघडण्याआधी मोबाईलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढायचे, विशेषतः गव्हर्नरची काडी आणि बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात आहे त्याचे. आता बहुतेक घरांत कोणाकडे तरी असा फोन असतो, आणि जोडताना त्याचा मोठा आधार होतो.

कॉक बंद, पेट्रोलची नळी काढा. एअर फिल्टर काढा. दहा नंबरच्या पान्याने दोन नट सुटले की कार्बोरेटर पुढे सरकतो. काडी आणि स्प्रिंग हळूच सोडवा, ओढू नका. मधल्या गॅस्केटी कोणत्या क्रमाने होत्या ते तसंच ओळीने कापडावर मांडा.

वाटीखालचा बोल्ट काढून आतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओता आणि प्रकाशात धरा. तळाला थेंब लोळत असतील तर पाणी. तांबडी भुकटी असेल तर टाकी गंजली आहे, म्हणजे टाकी धुतल्याशिवाय हा त्रास परत येणार. पिवळा चिकटा असेल तर जुनं पेट्रोल. या ग्लासावरून निम्मं निदान होतं.

फ्लोटची पिन बाजूला सरकवा, फ्लोट सुईसकट निघेल. तो कानाशी धरून हलवा. आत पाण्यासारखं खळखळलं तर त्याला भोक पडलं आहे, नवीन घाला. सुईचं टोक नखावर फिरवून पाहा; तिथे गोल खाच पडली असेल तर सुई बदला.

आता मेन जेट. पितळ मऊ असतं, म्हणून खाचेत बरोबर बसणाराच पेचकस घ्या. लहान पेचकसाने खाच गेली की जेट निघत नाही. जेट निघाला की त्याच्या वरची, बासरीसारखी आडवी भोकं असलेली नळी हलक्या ठोक्याने खाली येते. तिची सगळी भोकं मोकळी हवीत. पायलट जेट बाजूला असतो, तोही काढा. मिश्रणाचा स्क्रू असेल तर आधी तो आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, मग काढा. टेकला की थांबायचं, आवळायचं नाही.

धुण्यासाठी कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मिळाला तर उत्तम. डोळ्यांवर चष्मा लावा आणि रबराच्या वस्तू त्यात टाकू नका. नाही मिळाला तर ताज्या पेट्रोलमध्ये तासभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. भोकात सुई, टाचणी, स्टीलची तार घालायची नाही. स्टील पितळेला खातं, भोक मोठं होतं, मग इंजिन काळा धूर सोडतं आणि दुप्पट पेट्रोल पितं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या, किंवा मासे धरायच्या गळाची तंगूस. तंगूस पाड्यावर घरोघर असते. नंतर सायकलच्या पंपाने प्रत्येक भोकातून, दोन्ही बाजूंनी हवा मारा. कार्बोरेटरच्या अंगातल्या आडवाटाही विसरू नका. एका भोकातून मारलेली हवा दुसऱ्यातून आली पाहिजे.

शेवटी जेट आकाशाकडे धरून आरपार पाहायचं. एका पाड्यावर एक बाबा मला म्हणाले होते, "भाऊ, माझ्यासारखंच इंजिनही म्हातारं झालं, भंगारात द्या आता." आम्ही त्यांच्याच अंगणात ते उघडलं. त्यांच्या सूनबाई शिवणकाम करतात, बारीक कामाला हात आणि डोळा सरावलेला. त्यांनी जेट उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, चंद्र अर्धाच दिसतोय." परत भिजवला, परत तंगूस फिरवली, परत हवा मारली. "आता पुनव." तेव्हापासून मी प्रशिक्षणात हेच शब्द वापरतो. अर्धा चंद्र दिसला तर जोडायचं नाही. त्या वर्षी त्या घरच्या मिरचीला पाणी मिळालं आणि नातू शाळेत राहिला. पंप चालला म्हणून प्रत्येक घराचं स्थलांतर थांबतं असं मी म्हणणार नाही. जमीन किती, कर्ज किती, यावरही ते अवलंबून असतं. पण पाणी नसेल तर थांबायचा प्रश्नच उरत नाही.

जोडणी उलट क्रमाने. गॅस्केट, वाटीची गोल रबरी रिंग, बोल्टखालचा वायसर आणि सुई नवीन घालावी. जुनं रबर एकदा उघडल्यावर परत नीट बसत नाही. काही शे रुपयांत हे सगळं एका किटमध्ये मिळतं, फक्त इंजिनाचं मॉडेल सांगून घ्यायचं. फ्लोट बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरा. सर्वसाधारणपणे फ्लोट अंगाला समांतर दिसला पाहिजे, नेमकं माप त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतं. तसाच उलटा ठेवून, स्वच्छ नळीने पेट्रोलच्या वाटेत फुंकर मारा. हवा अडली पाहिजे. फ्लोट उचलला की गेली पाहिजे. ही परीक्षा पास झाली की गळती होणार नाही.

वाटीचा बोल्ट जोर लावून आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. स्प्रिंग फोटोत होती त्याच भोकात. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून 'वेग वाढवायचा' प्रयत्न करू नका. इंजिन मर्यादेबाहेर फिरून फुटू शकतं. कॉक उघडा, दोन मिनिटं थांबा, कुठे ओलं होत नाही ना पाहा. चोक लावा आणि दोरी ओढा. इंजिन गरम झालं की चोक काढा. चोक काढूनही एकसारखा आवाज राहिला की काम झालं.

एक सूचना. झाडं-गवत कापायच्या काही यंत्रांना दोन-स्ट्रोक इंजिन असतं. त्यांच्या कार्बोरेटरला फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो. जोराची हवा मारली तर तो फाटतो. तिथे पडदा काढून मगच हवा मारायची.

वर्षातून दहा मिनिटं

हे सगळं करायची वेळच येऊ नये, यासाठी फार थोडं लागतं. पहिल्या पावसाआधी पंप घरी आणला की कॉक बंद करून इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालू द्या. मग वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. टाकीही रिकामी करा. पेट्रोल नेहमी जाळीच्या नरसाळ्यातून ओता, आणि महिनाभरापेक्षा जुनं पेट्रोल पंपात घालू नका. एवढी दहा मिनिटं दिली तर दिवाळीनंतरचे ते तीन आठवडे वाचतात.

आपल्याकडे मागणं

बंधुभगिनींनो, नवीन पंपाचा फोटो सुंदर येतो. हार घातलेला असतो, माणसं हसत उभी असतात, आणि देणाऱ्यालाही समाधान मिळतं. मोकळ्या झालेल्या जेटचा फोटो काढता येत नाही. पण नव्या पंपाच्या किमतीत अनेक पाड्यांच्या दुरुस्तीपेट्या भरतात. म्हणून माझी विनंती अशी की, आपण एक पंप दिलात तर त्याच्याबरोबर एक पेटीही द्यावी: दहा नंबरचा पाना, प्लगचा पाना, बरोबर मापाचे दोन पेचकस, जाळीचं नरसाळं, जादा प्लग, गॅस्केट-सुईचं किट, एक सायकलचा पंप. आणि प्रत्येक पेटीमागे पाड्यावरची दोन माणसं, शक्य तर त्यातली एक ताई, दोन दिवस शिकून तयार झालेली असावीत.

दुसरी विनंती. या सभागृहात गॅरेज चालवणारे बंधू आहेत, एस.टी.च्या डेपोत आणि रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले वडीलजन आहेत. आपल्याला वाटतं, सेवाकार्य म्हणजे उपदेश करता आला पाहिजे. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला. आपण ऑक्टोबरातले दोन शनिवार द्या. बोलायला येत नसलं तरी चालेल, शेजारी बसून पाना कसा धरायचा एवढं दाखवा. पाड्यावरची मुलं पाहून शिकतात.

तिसरी विनंती, ज्यांना आपलं जुनं इंजिन किंवा जनरेटर द्यायचा आहे त्यांना. जरूर द्या. देण्याआधी टाकी आणि वाटी रिकामी करा, आणि मॉडेलचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा. किट मिळवताना ती चिठ्ठी फार कामी येते.

आणि पुढच्या वर्षी आम्ही अहवाल घेऊन आलो की 'किती पंप दिले' हे विचाराच, त्याच्या पुढे 'किती चालू आहेत' हेही विचारा. हा प्रश्न आम्हाला दर वर्षी विचारला गेला तर आमचं काम सुधारेल.

थाळी शेवटच्या बाकापर्यंत गेलेली दिसते. कृपा करून दोन्ही जेट मोजून परत द्या. उद्या सकाळी ते एका पंपात परत बसवायचे आहेत. या दिवाळीनंतर ज्या ज्या अंगणात दोरी ओढली जाईल, त्या घरांसाठी आपल्या रोजच्या प्रार्थनेत आठवण असू द्या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.